यंत्र आले, विद्या कोठे?

जळगाव-धुळ्याकडील तरुण अहिराणी गीतांची चित्रे मोबाइलवर घेतात, तेथेच जोडतात आणि यूट्यूबवर लावतात. सुशिक्षित मंडळी त्यांस नाके मुरडतात. कौतुक करणारे म्हणतात, यंत्र हाती आहे, मग शिकावयाचे काय उरले? आमच्या मते दोघेही चुकतात. ठेक्यासरशी दृश्य तोडणे हे संकलन नव्हे. तेवढे मोबाइलही आपोआप करतो. ओळीचा अर्थ कोठे वळतो, गायिकेचा श्वास कोठे संपतो, मुद्रा किती वेळ टिकू द्यावी, हे ओळखणे म्हणजे संकलन. त्यासाठी आधी चित्राविना गाणे पुनःपुन्हा ऐकावे. मग आवाज बंद करून आपली जोडणी तपासावी. पुण्यास १९६० साली स्थापन झालेल्या चित्रपट-संस्थेत या विद्येचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. खानदेशातील महाविद्यालयांनीही ती शिकवावी, आणि याच बोलीतील गाण्यांवर शिकवावी. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ग्रंथरूपाने निघाली. तेव्हा कोठे आम्हां शहाण्यांस त्यांची थोरवी कळली. तीच दिरंगाई पुन्हा करावयाची काय?