घाटकोपरचं होर्डिंग: लोखंड मजबूत होतं, मग कोसळलं कसं?

13 मे 2024 च्या दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर एक महाकाय होर्डिंग कोसळलं. पेट्रोल भरायला आलेले, पावसाला आडोसा शोधत थांबलेले लोक त्याखाली अडकले. 17 जणांचा मृत्यू झाला, 70 हून अधिक जण जखमी झाले.

नंतर चर्चा रंगली ती परवानगी कुणी दिली यावर. ती व्हायलाच हवी. पण एवढा मोठा लोखंडी सांगाडा वाऱ्याने पडतो कसा? याचं उत्तर इंजिनिअरिंगच्या मुलांना घाम फोडणाऱ्या 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' या विषयात सापडतं.

यातली पहिली कल्पना म्हणजे स्ट्रेस. एखाद्या वस्तूवरचं बल तिच्या किती क्षेत्रफळावर वाटलं जातं, तो हिशोब. इमारतींसाठी वापरलं जाणारं साधं पोलाद दर चौरस सेंटीमीटरला साधारण अडीच टन ताण सोसतं. त्यापुढे ते कायमचं वाकायला लागतं. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यावर एक मोठी कार टांगता येईल! त्यामुळे 'लोखंड कच्चं होतं' हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही.

वाऱ्याचा जोर किती होता?

पावसात छत्री उलटी झालेल्या कुणालाही हे लगेच कळेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो.

मुंबई महापालिकेच्या नियमानुसार होर्डिंग जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांचं असू शकतं. हे होतं 120 बाय 120 फुटांचं. लांबी-रुंदी तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. साध्या सूत्राने मोजलं, तर ताशी 87 किमी वाऱ्यात एवढ्या फलकावर जवळपास 48 टनांचा आडवा रेटा येतो.

आणि हा रेटा जमिनीजवळ नाही, उंचावर बसतो. दाराला बिजागरीपाशी ढकललं तर ते हलत नाही, कडेला ढकललं तर सहज उघडतं. बल आणि अंतराच्या या गुणाकाराला मोमेंट म्हणतात. सगळी मापं तिप्पट केली की बल नऊपट, अंतर तिप्पट, आणि बुंध्याशी येणारा मोमेंट 27 पट. होर्डिंग 'थोडं मोठं' केल्याने काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

मग हार कुणी मानली?

पायाने. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार, हा पाया ताशी 49 किमीपर्यंतचाच वारा झेलू शकत होता. त्या दिवशी वेग 87 किमीपर्यंत गेला होता. वेग पावणेदोन पटींहून थोडा जास्त, पण दाबात हा फरक तिपटीपेक्षा जास्त भरतो.

यात मातीचा स्वभावही महत्त्वाचा आहे. माती दाब सोसते, पण पोलादासारखी धरून ठेवत नाही. फलक एका बाजूला झुकला की पायाची एक कड मातीत रुतते आणि दुसरी वर उचलली जाते. उचलल्या जाणाऱ्या कडेला रोखायला पायाचं स्वतःचं वजन, खोली आणि रुंदी एवढंच हाताशी असतं. ते कमी पडलं, तर खांब न मोडताही अख्खं होर्डिंग मुळासकट उपटलं जातं.

आता सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा. भारतीय मानकानुसार मुंबईत बांधकाम करताना सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किमी वेगाचा वारा गृहीत धरावा लागतो. त्याशिवाय 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' असतो, म्हणजे अपेक्षित भारापेक्षा जास्तीची ताकद राखून ठेवणं. छेडानगरमध्ये ही राखीव ताकद सोडाच, मूळ गरजेच्या दहाव्या हिश्शाइतकाच दाब पाया सोसू शकत होता.

तरीही ते होर्डिंग इतके दिवस उभं होतं आणि देशातलं सर्वात मोठं म्हणून लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये त्याची नोंदही झाली होती. कारण रोजच्या वाऱ्याला तो पाया पुरत होता.