नायट्रोजन मोजला, प्रथिने गृहीत धरली

तान्ह्या मुलांना मूतखडा क्वचितच होतो. त्यामुळे एकाच काळात अनेक बाळांच्या मूत्रवाहिन्या तुंबू लागल्या, तर शंका आधी त्यांच्या दुधावर घ्यावी लागते. २००८ मध्ये चीनमध्ये सुमारे तीन लाख बाळे अशी आजारी पडली आणि सहा दगावली. दूधपावडरीत मेलामाईन होते. पूर्वसूचना मात्र अमेरिकेत मिळून गेली होती. मार्च २००७ मध्ये तिथे कुत्र्या-मांजरांचे खाद्य परत मागवावे लागले, तेव्हा चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये हेच रसायन सापडले होते.

या भेसळीच्या मुळाशी १८८३ सालची केल्डाल पद्धत आहे. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के असतो, मेलामाईनमध्ये ६६. त्यामुळे पाणी घातलेले दूधही चिमूटभर भुकटीने कागदावर कसदार ठरते. (आपल्याकडे एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घनघटक, वाढवण्यासाठी दुधात युरिया घालणारे याच जातीचे.)

प्राण्यांच्या मूत्रपिंडात मेलामाईनचे स्फटिक सायन्यूरिक आम्लाशी जुळून बनले, बाळांमध्ये युरिक आम्लाशी. तान्ह्यांच्या लघवीत युरिक आम्ल मुळातच जास्त असते, आणि पावडर हाच एकमेव आहार असल्याने वजनाच्या मानाने मात्राही मोठी पडते. हे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफी लागते. दोन्ही बाजूंचा मार्ग बंद झाला आणि निदान लांबले, तर मूत्रपिंडे निकामी होतात.

३ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) बालआहारातील मेलामाईनची निर्धोक पातळी ठरवता येत नाही, असे सांगितले. पुढे अमेरिकी डब्यांतही त्याचे अंश असल्याचे उघड झाले आणि २८ नोव्हेंबरला दशलक्ष भागांत एक भाग ही मर्यादा जाहीर झाली. चिनी पावडरीत किलोमागे अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत मेलामाईन आढळले होते. त्या तुलनेत हे अंश नगण्य, आणि तेही भेसळीचे नव्हे, तर वेष्टन वा जंतुनाशकातून उतरलेले असण्याची शक्यता अधिक. म्हणून आकड्यापेक्षा त्याची अट मला जास्त महत्त्वाची वाटते: मर्यादा एकट्या मेलामाईनला किंवा एकट्या सायन्यूरिक आम्लाला लागू होती, दोन्ही एकत्र असतील तेव्हा नव्हे. प्राण्यांना घातक ठरली ती तर नेमकी ही जोडी.

आता प्रयोगशाळा मेलामाईन थेट शोधतात. पण जिथे मालाची किंमत अजूनही नायट्रोजनवरूनच ठरते, तिथे भेसळ करणाऱ्याला फक्त तपासणीच्या यादीत नसलेला, नायट्रोजनने भरलेला दुसरा स्वस्त पदार्थ हवा असतो.