टाय बांधा आणि उभे राहा

दुकानात नोकरी मागायला जाताना अंगात काय घालावे, या विषयावर हल्ली आमच्या खान्देशात व्याख्याने होतात. जळगावात होतात, धुळ्यात होतात आणि वक्त्याला वेळेवर एस. टी. मिळाली तर चोपडा-शिरपूरपर्यंतही होतात. पूर्वी गावोगाव कीर्तनकार यायचे, ते देह नश्वर आहे असे सांगायचे. आता व्यक्तिमत्त्व विकासवाले येतात. देह नश्वर असला तरी त्याला इस्त्री हवी, असे ते सांगतात. कीर्तनकार आरतीच्या ताटावर भागवायचे. हे आधी नावनोंदणीची फी घेतात, एवढाच काय तो कालमहिमा.

यांचे पहिले सूत्र असे की, समोरचा माणूस तुम्हाला पहिल्या सात सेकंदांत पारखतो. वाचकहो, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. सात सेकंदांत माणूस पारखता येत असता, तर जगातल्या कुठल्याच बँकेचे कर्ज बुडाले नसते. आम्ही सात-सात महिने कागद तपासतो, दोन जामीनदार घेतो, सातबारा बघतो, आणि मग कर्ज देतो. तरीही जो इसम कर्ज मागायला सफारी सूट घालून आलेला असतो, त्याच्याच घरी वसुलीला खेटे घालावे लागतात. मळकी टोपी घातलेला केळीवाला मात्र हप्त्याच्या आदल्या दिवशी येऊन पैसे भरतो आणि वर "काय भो, चहा घेतला का?" असे विचारतो. कपड्यावरून माणूस ओळखता येतो हे तत्त्व कारकुनाने मान्य केले, तर बँकेला आठवड्यात टाळे लागेल.

आता त्या व्याख्यानातली यादी ऐका. मुलांनी फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, काळे चामडी बूट, बुटांच्याच रंगाचा पट्टा आणि गळ्यात टाय. मुलींनी 'सोबर' ड्रेस. म्हणजे ज्यात त्या असूनही दिसणार नाहीत असा. केस बांधलेले, बांगड्या वाजणाऱ्या नकोत. ऐकणाऱ्याला वाटावे, पोरे परराष्ट्र खात्यात निघाली आहेत. प्रत्यक्षात नोकरी असते बनियन-टॉवेलच्या काउंटरवर, किंवा साड्यांच्या दुकानात ताके उचलायची. पगार किती, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. तिथे 'आकर्षक' एवढाच शब्द असतो. आकर्षण पहिल्या महिन्याच्या एक तारखेला संपते.

टायची मला विशेष मौज वाटते. सतराव्या शतकात क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक गळ्याला रुमाल बांधून फ्रान्समध्ये गेले, तिथल्या दरबाराला तो रुमाल आवडला आणि त्याचा पुढे टाय झाला. थंड मुलखातली ती वस्तू. आमच्या जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत इथे केळीची पानेसुद्धा करपतात, कुत्री नळाखालून हलत नाहीत, आणि शहाणा माणूस डोक्याला उपरणे गुंडाळून दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नाही. अशा वेळी भुसावळ पॅसेंजरमधून उतरून एक पोरगा टाय बांधून मुलाखतीला चाललेला दिसला, की मला तो उमेदवार वाटत नाही, खटल्यातला आरोपी वाटतो. फक्त याने दोरी स्वतःच्या पैशाने आणलेली असते.

कोणी म्हणेल, हा मनुष्य जुन्या काळाचा भाट आहे. तसे मुळीच नाही. जुन्या पेढीवर नोकर कसा ठेवत, हे मी थोरांकडून पुष्कळ ऐकले आहे. शेठजी गादीवर तक्क्याला टेकून बसलेले, शेजारी दिवाणजी रोकडवही उघडून. पोरगा दारात चपला काढून उभा. पहिला प्रश्न, "कोणाचा रे तू?" उत्तर शेठजींच्या ओळखीतले निघाले तर ताका उचलायला सांगत. नाही निघाले, तर "पुढच्या हंगामात ये" म्हणत. तो हंगाम कधी येत नसे. त्या प्रश्नात गाव, जात, भाऊबंदकी सगळे एका दमात विचारून होई. त्यापेक्षा शर्ट बघून माणूस घेणे एका अर्थी बरे. शर्ट विकत आणता येतो, बाप विकत आणता येत नाही. एवढे श्रेय मी टायला मोकळ्या मनाने देतो.

पण विकत आणता येतो म्हणजे कोणाच्या पैशाने? भांडण आहे ते इथे.

मागे काही दिवस मी धुळ्याच्या एका शाखेत काउंटरवर होतो. एक बाई आल्या. पैसे काढायची स्लिप आणि अंगठा. खात्यात चार हजार आणि वर काही रुपये, त्यातले तीन हजार काढायचे. बचत गटाचे, दोन वर्षे थेंबथेंब साठवलेले. एवढे एकदम काढले की आम्ही सवयीने विचारतो, म्हणून विचारले, "मावशी, दवाखाना का?"

"नही भाऊ," त्या म्हणाल्या, "पोऱ्याले बूट लेवाना शेतस. दुकानवाला म्हणस, चप्पलवर येऊ नको."

नोटा मोजून दिल्या. त्यांनी त्या पुन्हा मोजल्या, पदरात बांधल्या आणि गेल्या. नोकरी लागली की नाही, हे बँकेच्या खात्यात दिसत नाही. तीन हजार गेलेले तेवढे दिसतात.

मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. बाजारात विचारून, अगदी हात राखून. शर्ट ७००, पँट ९००, बूट १,१००, टाय २००, पट्टा २५०, इस्त्री ३०. एकूण ३,१८०. समजा पगार महिना १०,००० ठरला, तर साडेनऊ दिवसांची मजुरी नोकरी लागण्याआधीच खर्ची पडली. आणि नोकरी न लागल्यास ती बुडीत. आता वाणिज्य शाखेचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की, धंद्यासाठी झालेला खर्च धंद्याच्या वहीत पडतो. दुकानदार दिवे लावतो, काच लावतो, पुतळ्याला कपडे घालतो, तो सगळा खर्च त्याच्या खतावणीत. पुतळ्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या जिवंत माणसाचे कपडे मात्र त्याच्या आईच्या खात्यावर नावे! पुतळा नशीबवान. त्याला मुलाखत नाही.

आमच्या बँकेकडे बघा. बँकेत मला गणवेश नाही, म्हणून मी काय घालावे हे बँक सांगत नाही, आणि ते माझ्या शर्टाकडे बघून कोणालाही कळते. शिपाईबंधूंना मात्र गणवेश असतो. त्याचे कापड बँक देते. शिलाई देते. एवढेच नव्हे, तो धुण्यासाठी दरमहा धुलाई भत्ता देते. संघटनांनी भांडून, द्विपक्षीय करारात लिहून घेतलेली ही गोष्ट आहे. तत्त्व सरळ आहे: ज्याला माणूस विशिष्ट कपड्यात हवा, त्याने ते कपडे द्यावेत. लग्नात वरमाईला अमुकच साडी हवी असेल, तर ती आणायची कोणी, यावरून खान्देशात सोयरिकी मोडल्या आहेत. मग नोकरीत हा प्रश्न कोणी का विचारत नाही?

काही ठिकाणी तर पुढची पायरी आहे. दुकान टी-शर्ट देते, आणि पहिल्या पगारातून त्याचे पैसे कापून घेते. १९३६ साली, म्हणजे इंग्रज असताना, वेतनाचा कायदा झाला. त्यात पगारातून काय काय कापता येईल याची यादी होती: दंड, गैरहजेरी, उचल, मालाचे नुकसान, मालकाने पुरवलेल्या सोयी वगैरे. पण सोयींबद्दल तिथेच खुलासा होता की, कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल यांचा पुरवठा म्हणजे सोय नव्हे. वाचकहो, ज्या टी-शर्टावर छातीपासून पाठीपर्यंत दुकानाचे नाव छापले आहे, तो कामाचे हत्यार नव्हे तर काय? तो घालून पोरगा काय सासुरवाडीला जाणार आहे? भिंतीवर जाहिरात रंगवायची तर भिंतीच्या मालकाला भाडे द्यावे लागते. पाठीवर रंगवायची तर पाठीचाच मालक पैसे भरतो.

यावर दुकानदारांचे उत्तर मला ठाऊक आहे. त्यांतले निम्मे माझे खातेदार आहेत. ते म्हणतात, "साहेब, गिऱ्हाईक हल्ली चोखंदळ झालंय. मळक्या माणसाच्या हातचा माल घेत नाही." मान्य. मळका माणूस मलाही नको. पण मळका वेगळा आणि गरीब वेगळा. नखे कापलेली, केस विंचरलेले, शर्ट धुतलेला, घामाचा वास नाही, एवढे मागण्याचा दुकानदाराला पूर्ण अधिकार आहे. ते साबणाच्या एका वडीत बसते. चामडी बूट मागणे म्हणजे स्वच्छता नव्हे, ऐपतीचा दाखला मागणे आहे. आणि ज्याची तेवढी ऐपत असती, तो तुमच्याकडे दहा हजारांवर कशाला आला असता?

दुसरे म्हणतात, "टायने शिस्त येते." शिस्त टायने येत असती, तर इंग्रजी शाळेतल्या बालवाडीत केवढी शांतता असती!

आणि ते बूट! मुलाखतीत ज्यांचे तोंड बघतात, त्याच बुटांत पुढे दिवसाला दहा तास उभे राहायचे असते. नवे, कडक, सोलून काढणारे. दुकानात पुतळ्याला टेकायला दांडी असते, माणसाला स्टूल नसते. विलायतेत १८९९ साली कायदा करावा लागला होता की, दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक तरी बसायची जागा हवी. राणी व्हिक्टोरिया गादीवर होती, आणि इंग्रजांना दुकानातल्या पोरींचे पाय सुजतात हे तेव्हा कळले. आपल्याकडे केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय सक्तीची झाली. तामिळनाडूने २०२१ साली तेच केले. आपण इंग्रजांकडून टाय तेवढा घेतला, स्टूल घ्यायचे राहून गेले. सण-लग्नसराईत धुळ्याच्या आग्रा रोडवरून किंवा जळगावच्या फुले मार्केटातून एक चक्कर मारा आणि साड्या दाखवणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघा. एक पाय वर, एक पाय खाली, करकोच्यासारखा. करकोच्याला निदान मासा मिळतो.

हे सगळे मला जास्त लागते, कारण आमचा मुलूख कापसाचा आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जळगावात खान्देश मिल झाली. एके काळी तिच्या भोंग्यावर गावातले डबे भरत. मिलचा भोंगा बंद पडून वर्षे लोटली. त्या जागेवर आता खरेदीचे संकुल उभे आहे. ज्या आजोबांनी मागावर कापड विणले, त्यांच्या नातवाने तिथेच कापड विकायला जावे, याला मी प्रगती म्हणायला तयार आहे. पण आजोबा मिलमध्ये लागले तेव्हा त्यांचा हात बघत, हे सूत धरील का. नातवाचा गळा बघतात, हा टाय धरील का.

तेव्हा माझा सल्ला, विनामूल्य, नावनोंदणीची फी न घेता.

पोरांनो आणि पोरींनो, मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. तिथली माणसे काय घालतात ते बघा, आणि घरातले त्यातल्या त्यात तसे कपडे काढा. धुवा, वाळवा, इस्त्री करा. तांब्यात निखारे घालून केलेली चालेल. बटण तुटले असेल तर लावा. मापाचे घाला, मामाचा कोट घालून गेलात तर नोकरी मामाला द्यावी की तुम्हाला, असा प्रश्न पडेल. पायात दहा तास टिकेल असे, नीट पुसलेले काहीही. मुलींनी ज्या पोशाखात वरच्या फळीवरचा ताका उतरवता येतो आणि खाली बसून घडी घालता येते, तो घालावा. टाय घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नाही. आणि कपडे कोण देणार, त्याचे पैसे कापणार का, बसायला काय आहे, हे तीन प्रश्न जमले तर नम्रपणे विचारा. हे प्रश्न विचारणारा माणूस हिशेबात पक्का असतो, हे शहाण्या मालकाला कळते.

आणि शेठ, तुम्हाला एवढेच सांगायचे की, उमेदवार आला की त्याच्या बुटांकडे बघू नका. त्याच्यापुढे एक साडी उलगडून टाका आणि म्हणा, "घाल घडी." मग कापडाचा पन्ना विचारा, तीन वस्तूंची बेरीज तोंडी सांगायला लावा, आणि तुमच्या घरातल्या सर्वांत चिकित्सक बाईला गिऱ्हाईक म्हणून पाठवा. तिने बावीस साड्या बघून काहीही न घेता उठल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडणार नाही, त्याला ठेवून घ्या. चपलेत असला तरी ठेवून घ्या. बूट तुम्ही द्या. सोबत एक स्टूलही द्या. बाजारात फार महाग नाही, आणि धंद्याच्या वहीत खर्ची टाकता येते. नोंद कशी करायची ते अडले, तर माझ्या काउंटरवर या. साडेदहा ते दोन. मी बसलेला असतो.