रंग हवेत, पण गोळ्यांच्या जागी नकोत

‘आर्ट थेरपीचं वर्कशॉप केलं, आता गोळ्या सोडू का?’ हा प्रश्न ओपीडीत हल्ली कानावर येतो. उत्तर आजारावर अवलंबून आहे.

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात ३९ प्रौढांनी पाऊण तास रंग, माती, कोलाजमध्ये घालवला. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, घटले. चित्रकलेचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

ब्रिटनमधील ‘मॅटिस’ चाचणीत (२०१२) स्किझोफ्रेनियाचे ४१७ रुग्ण होते. गटातील कलोपचाराने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही; अनेकांची हजेरीही कमीच होती.

थोडक्यात, रोजच्या ताणाला रंगांचा आधार मिळतो. गंभीर आजारात ते फार तर जोडीला.

भारतात २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत कला-उपचारकांचा उल्लेख आहे. त्यामुळे शिबिराची फी भरण्यापूर्वी घेणाऱ्याचे प्रशिक्षण जरूर विचारा.

घरी खुशाल रंगवा, चित्र कसेही येवो. पण उदासी दोन आठवडे हटली नाही किंवा जगणे नकोसे वाटले, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर बोला. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.