स्पर्धकाचा सराव, सभासदाचे खांदे

जिममध्ये व्यायाम करताना तरुण कोसळला, अशी बातमी आता वृत्तपत्रांना नवीन राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलावंत राजू श्रीवास्तव दिल्लीतील जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळले आणि सप्टेंबरमध्ये त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हापासून अशा प्रत्येक घटनेनंतर ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. घरातील वडीलधारी मंडळी 'ते वजनांचे खूळ आता सोड' असे बजावतात, तर जिममधील मंडळी 'त्याला आधीपासूनच काहीतरी असणार' असे म्हणून बारवर आणखी एक प्लेट चढवतात. वजन कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पद्धतीने उचलावे, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये चर्चेत आला. ४७ रुग्णालयांच्या माध्यमातून ७२९ मृत्यूंची माहिती गोळा करून २,९१६ जिवंत व्यक्तींशी तिची तुलना करण्यात आली. कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान आणि त्याच ४८ तासांतील अतितीव्र शारीरिक श्रम यांचा या मृत्यूंशी संबंध आढळला. लसीकरणामुळे धोका वाढल्याचे मात्र दिसले नाही. या निष्कर्षांतून 'व्यायाम घातक' असा मथळा निघत नाही. संशोधकांनी बोट दाखविले आहे ते श्रमाच्या अतितीव्रतेकडे, आणि नेमकी तीच आपल्या जिममध्ये गुणवत्तेची खूण मानली जाते.

वजने उचलण्याची गरज मात्र आपल्याला इतरांपेक्षा अधिक आहे. पुण्यातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका छायाचित्राने जगाला समजावले. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर सामावून घेतात ते स्नायूच. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये जाहीर झाला असताना, स्नायू राखणे ही केवळ आरशासमोरची हौस राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा शक्तिव्यायाम करावा, असे म्हटले आहे. आठवड्यातून दोन दिवस! सहा दिवसांचे वेळापत्रक हाती पडलेल्या सभासदाला हे वाचून आश्चर्य वाटेल.

हे सहा दिवसांचे वेळापत्रक आले कोठून? ते स्पर्धेतून आले. आपल्याकडील अनेक प्रशिक्षक 'मुंबई श्री', 'महाराष्ट्र श्री' यांसारख्या शरीरसौष्ठव स्पर्धांच्या वर्तुळातून घडलेले असतात. त्यांची मेहनत खरी असते, याविषयी दुमत नाही. मात्र स्पर्धकाचे सारे वर्ष एका संध्याकाळसाठी बांधलेले असते. जिमच्या भिंतीवर लावलेल्या छायाचित्रातील पिळदार देह ही त्या एका संध्याकाळची अवस्था असते आणि त्या दिवशी त्या माणसाने बहुधा पाणीही मोजूनच प्यायलेले असते.

भारोत्तोलनात हा फरक अधिक स्पष्ट दिसतो. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनी गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली होती. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नासाठी मंचावर आला. तो प्रयत्न फसला आणि मलेशियाच्या स्पर्धकाला २४९ किलोवर सुवर्ण मिळाले. एका किलोसाठी दुखऱ्या कोपराने पुन्हा बारला हात घालणे हा त्याच्या जागी समजण्यासारखा निर्णय होता. त्याला तो क्षण पुन्हा मिळणार नव्हता. सकाळी सातला जिममध्ये येऊन नऊची लोकल पकडणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला मात्र परवाचा दिवस आहे, पुढचा महिना आहे आणि सारे नीट चालले तर पुढची तीस वर्षेही आहेत. त्याने तो तिसरा प्रयत्न का करावा?

प्रस्तुत प्रतिनिधीनेही तो केला होता, हे येथे नमूद करायला हवे. उपनगरातील एका जिममध्ये तिसऱ्याच महिन्यात बेंच प्रेस करताना डोक्याशी उभे असलेले प्रशिक्षक 'अजून दोन, अजून दोन' म्हणत राहिले. ते स्वतः त्या वेळी स्पर्धेची तयारी करीत होते आणि त्यांचेच वेळापत्रक थोडे हलके करून आम्हा सर्वांना दिलेले होते. त्यानंतर चार महिने उजव्या हाताने लोकलमधील कडी धरता येत नव्हती.

तिसरा महिनाच असा का असतो, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. नवख्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. ही वाढ प्रामुख्याने मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे होते, स्नायू त्यामागून भरतात आणि हाडांना स्नायू जोडणारे कंडरे सर्वांत सावकाश बळकट होतात. म्हणजे वजन उचलले जाते, पण ते पेलणारी जोडणी अद्याप कच्चीच असते. त्यातच आपल्या अनेक जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट्स शोधूनही सापडत नाहीत. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच लावल्या की वाढ पाच किलोंची होते. १०० किलो उचलणाऱ्याला ती किरकोळ आहे, ४० किलो उचलणाऱ्याला मात्र ती साडेबारा टक्के पडते. अशा वेळी वजन न वाढवता त्याच वजनाने आणखी दोन-तीन रेप करणे हा साधा मार्ग असतो.

दुसरा मुद्दा दमछाकीचा आहे. हात थरथरून बार खाली येईपर्यंत सेट ओढला नाही तर फायदा होत नाही, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात आणखी दोन-तीन रेप निघतील अशा ठिकाणी थांबूनही ताकद उत्तम वाढते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. बारा रेप निघत असतील तेथे नऊ किंवा दहावर थांबावे. श्वास रोखून शेवटची रेप काढण्याची किंमतही लहान नसते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजण्यात आला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना तो सरासरी ३२०/२५० इतका चढला होता. निरोगी, सरावलेला तरुण तो काही क्षण सोसतो. पण चाळिशीतील ज्या गृहस्थाने आपला रक्तदाब गेल्या तीन वर्षांत मोजलेलाच नाही, त्याने हा प्रयोग स्वतःवर करू नये.

याहून गंभीर भाग इंजेक्शनांचा आहे. भूल दिली असताना रक्तदाब घसरल्यास तो वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना बेकायदा विकणाऱ्यांवर मुंबई-पुण्यात पोलिसांनी वेळोवेळी कारवाई केली आहे. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्सची कथा जुनीच. बाहेरून संप्रेरक येऊ लागले की शरीर स्वतःचे बनविणे थांबवते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाची भिंत जाड होऊ लागते. स्पर्धकाला निदान चाचणीचे भय असते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले, आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. हौशी सभासदाचा नमुना मात्र कोणीच घेत नाही. त्याची चाचणी होते ती थेट रुग्णालयात.

यावर 'मग हलकीच वजने उचलावीत काय?' असा प्रश्न येईल. तसे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात हाडांची घनता कमी असलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगल्या जड वजनांचे डेडलिफ्ट आणि स्क्वॉट करायला लावले गेले. त्यांचे सरासरी वय ६५ च्या आसपास होते. आठ महिन्यांनंतर त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली. आपल्याकडे याच वयाच्या स्त्रियांना कोपऱ्यातील सायकलवर बसवून दिले जाते. मात्र त्या प्रयोगात प्रत्येक सत्राला प्रशिक्षक समोर हजर होते, आणि पहिला महिनाभर या स्त्रियांना केवळ शरीराच्या किंवा अगदी कमी वजनावर हालचाल शिकविण्यात आली होती.

जानेवारीत वर्षाचे शुल्क एकरकमी भरण्यासाठी रांगा लागतात आणि '९० दिवसांत कायापालट'चे फलक झळकतात. शुल्क भरण्यापूर्वी प्रशिक्षकाला एवढेच विचारून पाहावे, की पहिल्या महिन्यात तुम्ही मला काय करायला लावणार आहात.