‘खंबीर हो’ म्हणून भागत नाही

होळीनंतर आमच्या सल्ला केंद्रात मुरूडकडच्या कोळीवाड्यातली एक बाई यायची. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार, पोटगीचा अर्ज, सगळं रीतसर झालं. हुकूम हातात पडला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. ती पेढा हातात धरून नुसती बसून राहिली. म्हणाली, “ताई, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बंदरावर जायला पाय उचलत नाही. मासळीचा वाससुद्धा नको वाटतो.” मी म्हटलं, “अगं, आता तर तू जिंकलीस. खंबीर हो.” ती मान हलवून गेली आणि दोन महिने फिरकली नाही.

त्या दोन महिन्यांत मला स्वतःचंच वाक्य खुपत राहिलं. बाईच्या दुःखाचं कारण बाहेर असतं, घरात, गावात, व्यवस्थेत, हे आपण चळवळीत शिकलो आणि ते खरंच आहे. पण कारण दूर केलं की दुःखही आपोआप उतरेल, हे आपण त्याला परस्पर जोडून टाकलं. तसं होत नाही. नैराश्य हा आजार कधी कारणामुळे सुरू होतो आणि कारण गेल्यावरही मुक्काम ठोकून राहतो. कधी सांगण्यासारखं काही कारण नसतानाही येतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला वर्षं लागतात. बायका रडल्या ते रास्तच होतं. बहुतेकजणी रडतारडता रोपं लावायला लागल्या, मध्येच नातवंडाच्या खोडीला हसल्याही. दुःख असं लाटेसारखं येतं-जातं. पण काहीजणी उठल्याच नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त, दिवसाचा बराचसा वेळ, कशातच मन नाही, झोप नाही, जेवण जात नाही, आपण कुणाच्या कामाच्या नाही असंच वाटत राहणं, हे निराळं. आम्ही आधी म्हणालो, धक्का बसलाय. मग कुजबुज सुरू झाली, आळशी झालीय.

आपल्याकडच्या बाया ‘मला उदास वाटतं’ असं म्हणतही नाहीत. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, कंबर धरलीय, असं सांगतात. मग शक्तीची गोळी, नाहीतर सलाईन. (रक्त कमी असेल किंवा थायरॉईड असेल तरी असं होतं, तेव्हा तपासणी हवीच.) आणि भगताकडे गेली म्हणून हसू नका. तिथे कुणीतरी तिला विचारतं तरी, “काय होतंय बाय?” भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

मग डॉक्टरकडे का जात नाहीत? आपण पटकन म्हणतो, अज्ञान. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “ठाण्याला नेऊन टाकतील. नि कागदावर आलं तर नवरा फारकत घेईल, पोरं नेईल.” हे अज्ञान नाही, हा हिशेब आहे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहेच. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं आहे की नुसता आजार असणं पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे हे पाहावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ त्याहून स्पष्ट आहे. मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून व्यक्ती भ्रमिष्ट ठरत नाही, तसं न्यायालयानेच ठरवावं लागतं. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यात आहे. तरीही नवऱ्याचा वकील चिठ्ठी नाचवणार, हे मी लपवत नाही. म्हणून आपल्या वकिलाला ही कलमं पाठ हवीत.

गोळ्यांबद्दलचा आपला संशयही उगाच नव्हता. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं त्यांना न विचारता काढली गेली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. ‘बाईला गप्प करायला औषध’ हे आपण पाहिलेलं आहे. पण म्हणून प्रत्येक गोळीला बेडी म्हणायचं? नैराश्याची औषधं झोपेच्या गोळीसारखी नसतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद करायची नसतात. आजार सौम्य असेल तर समुपदेशनही पुरतं. घरात मार आहे का, हे न विचारता जो डॉक्टर चिठ्ठी लिहितो, त्याला आपण सोबत बसून विचारायला लावू.

आणखी एक भीती आपलीच आहे. जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल, असं वाटतं. येत नाही. उलट तिला बोलायला वाट मिळते. प्रयत्न केला तर पोलीस खटला भरतील, हेही आता धरून बसू नये. ती तीव्र ताणाखाली होती असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर २०२२ पासून आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही.

ती बाई पुन्हा आली. या वेळी मी आधी झोपेचं विचारलं, मग जीव देण्याचं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि “हो” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी अलिबागला गेलो. आता ती पुन्हा पाटी घेऊन बसते. रोज नाही, पण बसते.

आमच्या केंद्राच्या नोंदणी फॉर्मवर मारहाण, हुंडा, पोटगी, मुलांचा ताबा, सगळ्याचे रकाने आहेत. झोप कशी लागते, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का, हे विचारणारा एकही नाही. पुढच्या बैठकीत मी हे तीन रकाने वाढवा असं मांडणार आहे. तुमच्या केंद्राचा फॉर्मही एकदा काढून बघा.