गर्भवतीचा परदेशप्रवास आणि आपली सही

पहिले बाळंतपण माहेरी करावे ही आपल्याकडील जुनी रीत. होळकरांच्या आश्रयाने माळव्यात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. आता मात्र लेक-जावई न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा दुबईत असतात. कधी लेक सहाव्या-सातव्या महिन्यात पतीकडे जायला निघते, तर कधी डोहाळजेवणासाठी माहेरी येऊन परतण्याच्या तयारीत असते. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झाले आणि परदेशप्रवासाचे अप्रूपही ओसरले. खजराना गणपतीपुढे नारळ वाढवून झाला की पुढची पायरी दवाखान्याची, हे याच वस्तीत व्यवसाय करीत असल्यामुळे मी नेहमी पाहतो. हवे असते एकच: ‘प्रवासास हरकत नाही’ असे प्रमाणपत्र.

हे प्रमाणपत्र आपण फार हलक्या हाताने देतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरोगी गर्भवतीने विमानप्रवास करण्यास शास्त्राची हरकत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. गुंतागुंत नसेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत प्रवास सुरक्षित मानला जातो. जुळे असल्यास ही मर्यादा पुष्कळ अलीकडे येते. बहुतेक विमान कंपन्या २८ ते ३२ आठवड्यांच्या पुढे डॉक्टरांचे पत्र मागतात. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून मधूनमधून चालणे, भरपूर पाणी पिणे आणि घट्ट मोजे घालणे हा सल्लाही सर्वांना ठाऊक आहे. अडचण या ज्ञानाची नाही. अडचण येते ती ‘डॉक्टरसाहेब, तेवढे दोन आठवडे कमी लिहा ना’ या विनंतीपाशी.

विनंती करणारे लोक वाईट नसतात. तिकीट काढलेले असते, जावयाची रजा ठरलेली असते, व्हिसाची मुदत संपत आलेली असते. परंतु कागदावर कमी केलेले आठवडे गर्भाशयात कमी होत नाहीत. विमान समुद्रावर असताना कळा सुरू झाल्या तर तेथे ना प्रसूतिगृह, ना नवजात बाळासाठी अतिदक्षता कक्ष. शिवाय त्याच स्त्रीच्या फाइलमध्ये पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी असते आणि तिच्यावरून खरे आठवडे कोणीही मोजू शकतो. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हीच फाइल मागते. आपली खोटी सही अशा वेळी रुग्णाच्या उपयोगी तर पडत नाहीच, उलट तिच्याच विरुद्ध पुरावा ठरते.

विम्याविषयीचे अज्ञान तर सुशिक्षित घरांतही आढळते. ‘प्रवासी विमा काढला आहे’ असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. पण अशा बहुसंख्य पॉलिसींत गर्भारपण आणि प्रसूती वगळलेली असते. काहींत ठरावीक आठवड्यांपर्यंतच्या आकस्मिक गुंतागुंतीपुरते संरक्षण मिळते, परंतु जन्मलेल्या बाळाचा खर्च त्यात सहसा धरलेला नसतो. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे कळा देणाऱ्या स्त्रीला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून परत पाठवता येत नाही. मात्र बिल माफ होत नाही. पतीच्या नोकरीतील विमा असल्यास पत्नीचे नाव कोणत्या तारखेपासून चढते हे लेखी विचारून घ्यावे आणि बाळाचे नाव जन्मानंतर ३० दिवसांत नोंदवावे. ब्रिटनमध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो वार्षिक १,०३५ पौंड करण्यात आला. तो भरणाऱ्या स्त्रीला प्रसूतिसेवा मिळते. पाहुणी म्हणून गेलेल्या स्त्रीलाही सेवा नाकारत नाहीत, पण मूळ दराच्या दीडपट आकारणी होते.

इमिग्रेशनचेही तसेच. गर्भवती आहे एवढ्याच कारणाने अमेरिकेत प्रवेश नाकारावा असा नियम नाही. मात्र प्रसूतीची तारीख, मुक्कामाचा कालावधी आणि वैद्यकीय खर्चाची तरतूद यांविषयी अधिकारी विचारू शकतो आणि निर्णय त्याचा असतो. मुलाला नागरिकत्व मिळावे हाच मुख्य हेतू असल्यास पर्यटक व्हिसा नाकारण्याचा नियम जानेवारी २०२० मध्ये झाला. तेथे केलेले खोटे निवेदन पुढच्या सर्व प्रवासांची दारे बंद करू शकते. खरे उत्तर आणि हाती नीट कागद, हाच त्यावर उपाय.

नागरिकत्वासाठी वैद्यकीय तारखा ओढाव्यात काय, हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये उघडपणे समोर आला. २० जानेवारी रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मातेचे मूल, पिता नागरिक वा कायम रहिवासी नसल्यास, जन्माने नागरिक मानले जाणार नाही. तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलांना तो लागू व्हायचा होता. काही भारतीय जोडपी मुदतीपूर्वी शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी डॉक्टरांकडे धाव घेत असल्याच्या बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत आल्या. २३ जानेवारीलाच सिएटलच्या न्यायालयाने आदेशास तात्पुरती स्थगिती दिली. आदेशाचे भवितव्य तीन दिवसांत पालटले. परंतु ३४ व्या आठवड्यात काढलेल्या बाळाची अपक्व फुप्फुसे कोणत्याही न्यायालयाला पूर्ववत करता आली नसती. या वादाची कायदेशीर बाजू वकिलांनी सांभाळावी. बाळाने केव्हा जन्मावे हे मात्र व्हिसाने ठरवू नये, एवढे ठामपणे सांगणे आपले काम आहे.

आणि परदेशी जन्मलेले मूल भारताला पारखे होते, ही समजूतही दूर केली पाहिजे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशी जन्मलेल्या मुलाची, आई किंवा वडील भारतीय नागरिक असल्यास, एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करता येते. मात्र त्याच्याकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नसावे लागते. ही माहिती वेळेवर मिळाली, तर निम्मी घाई आपोआप कमी होईल.

यावर व्यवसायबंधू म्हणतील, की विमा आणि व्हिसा हे आपले क्षेत्र नव्हे; शिवाय आपण नकार दिला तर रुग्ण शेजारच्या डॉक्टरकडे जाईल. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे, की आपण वकिली करायची नाही. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारायचा आहे. दुसरा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हे काम एकट्याचे नसून संस्थेचे आहे.

आपल्या संस्थेने तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवतो. प्रवास-प्रमाणपत्राचा एकच नमुना सर्व सभासदांनी वापरावा आणि त्यात पहिल्या सोनोग्राफीची तारीख व तीवरून काढलेले आठवडे लिहिणे आवश्यक ठेवावे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गर्भवतीशी विसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रवास, विमा आणि कागदपत्रे यांविषयी बोलावे. सल्ला उपयोगी पडतो तो तिकीट काढण्यापूर्वी. आणि तिच्या हाती रक्तगट, तपासण्या, औषधे व जोखमीच्या बाबी नमूद केलेला इंग्रजी सारांश द्यावा, म्हणजे अनोळखी देशातील डॉक्टरलाही पंधरा मिनिटांत सर्व कळेल.

आपल्या लेकी जगभर जाव्यात, सुखरूप बाळंत व्हाव्यात. त्यांच्या पिशवीत आपल्या सहीचा जो कागद असेल, त्यावरील प्रत्येक आकडा खरा असावा, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.